मैदान सपाट आहे असे धरावे

चेंडू कोणी ढकलला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा झाला होता, पोरं डबे घेऊन बाहेरच्या पायऱ्यांवर पांगली होती, वारा यायला एकही खिडकी उघडी नव्हती, आणि ती गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवत असताना मैदानाच्या मधोमध राहून गेलेला एक पिवळा चेंडू, काहीतरी आठवल्यासारखा, हलला. आधी नुसता डुलला, मग निघाला. घाई नव्हती त्याला. चटईच्या एका सांध्यावर तो क्षणभर अडला, सांधा ओलांडला, मधली पांढरी पट्टी पार केली आणि निळ्या बाजूच्या कोपऱ्यात लाकडी कुंपणाला टेकून, घरी पोचल्यासारखा थांबला. तिने पहिल्यांदा आजूबाजूला पाहिलं. कोणी बघितलं का, हा तिच्या मनात आलेला पहिला विचार होता, आणि तो पहिला होता याची तिला लगेच लाज वाटली. इतकी वर्षं तिला इथे सगळे पंचबाई म्हणत होते. पंचबाईंच्या मनात पहिल्यांदा दुसरं काहीतरी यायला हवं होतं.

खेळ तसा सोपा होता. दोन शाळांचे दोन रोबो समोरासमोर, एक लाल बाजूचा, एक निळ्या. मध्ये विखुरलेले चेंडू. वेळ संपल्याचा भोंगा वाजला की ज्याच्या अर्ध्यात जास्त चेंडू, तो जिंकला. बाजू चिठ्ठी टाकून ठरायची, म्हणजे कोणाला तक्रारीला जागा नको. स्पर्धेच्या आधी महिनाभर शाळांकडून शंका यायच्या आणि ती त्यांना उत्तरं लिहायची. त्या उत्तरांना खुलासे म्हणत, आणि खुलासा एकदा दिला की तो नियमाइतकाच पक्का. तंत्रनिकेतनातलं गणित शिकवून झालं की संध्याकाळी ती खुलासे लिहायला बसायची, आणि खरं सांगायचं तर दिवसातला तोच वेळ तिला सगळ्यात आवडायचा. रोबोला शेपूट चालेल का? उभा असताना ठरलेल्या मापात बसत असेल तर चालेल. फुटलेला चेंडू मोजणार का? फुटलेला चेंडू हा चेंडू धरला जाणार नाही. मैदानाला चढउतार असेल का? मैदान सपाट आहे असे धरावे. चटईखाली तारा वगैरे असतील का? चटईखाली काहीही ठेवले जाणार नाही. कसं स्वच्छ वाटायचं. नवरा पलीकडून म्हणायचा, "देवानं तुला विचारलं असतं ना, तर जगही जरा नियमात बसलं असतं." ती हसायची, पण ते तिला मनातून पटायचं.

सकाळी सामने सुरू व्हायच्या आधी तिने रिवाजाप्रमाणे मैदानाला फेरी मारली होती. निळ्या बाजूला पायाखाली चटई जराशी फुगल्यासारखी लागली. वाकून कड उचलली तर खाली घड्या घातलेले पुठ्ठे.

"मामा, हे काय?"

मामा म्हणजे संयोजक. तंत्रनिकेतनाची कार्यशाळा सांभाळायचा, अंगाने जाडजूड, स्वभावाने त्याहून ऐसपैस. मामा तो कोणाचाच नव्हता, म्हणून सगळ्यांचाच होता.

"पुठ्ठे."

"ते दिसतंय. का आहेत?"

"काल चटई अंथरली तेव्हा या बाजूला डोळ्याला खटकत होतं. चटई नीट बसत नसेल म्हणून घातले. आता डोळा गप्प आहे."

"आणि खुलासा काय सांगतो?"

"खुलासा तुम्ही लिहिलाय, मी काय सांगू? चटईखाली काहीही ठेवले जाणार नाही. काढतो, बाई. तुमच्या खुलाशापुढे माझ्या डोळ्याची काय टाप?"

त्याने ते काढले, वर हात झटकून दाखवले, आणि ती समाधानाने शिट्टी गळ्यात घालून उभी राहिली. आता ते पुठ्ठे समोर भिंतीला टेकून उभे होते, आणि तिला एकाएकी आठवलं की या हॉलच्या निळ्या बाजूच्या टोकाला, दाराशी, पाणी जायला एक जाळी आहे. हॉल धुतात तेव्हा पाणी तिकडे जायला हवं, म्हणजे फरशी तिकडे उतरती असणारच. बांधणाऱ्याने ती मुद्दामच उतरती केलेली असणार. यात कोणाचं वाईट करायचा कोणाचाच हेतू नव्हता. पाणी वाहून जावं, एवढंच. मामाच्या डोळ्याने उतार पकडला होता, पण का पकडला ते मामाला ठाऊक नव्हतं. आणि तिने नियमाला धरून तो उतार परत मोकळा केला होता. सकाळभर निळी बाजू जिंकत होती. तिला तेव्हाही ते जाणवलं होतं, पण चिठ्ठ्यांमध्ये असं होतं, असं ती मनाशी म्हणाली होती.

सकाळी ताईचा फोन आला तेव्हाही ती असंच काहीतरी म्हणाली होती. निघायच्या गडबडीत, एका हाताने चपलेचा पट्टा लावत. वडील गेल्यावर दोघींनी बसून ठरवलं होतं, आई सहा महिने ताईकडे, सहा महिने धाकटीकडे, म्हणजे हिच्याकडे. धाकटीनेच ठरवलं होतं म्हणा. ताई नुसती हो म्हणाली होती. ज्या महिन्यात वडील गेले त्या महिन्यापासून मोजायला लागल्या, त्यामुळे थंडीचे सहा ताईकडे गेले आणि उन्हाचे हिच्याकडे आले. त्यातही कोणाचा हेतू नव्हता. उद्या आईने ताईकडे जायचं होतं, बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. आई त्या बॅगेजवळ खुर्ची घेऊन बसली होती, आणि शिट्टी, टोपी, पाण्याची बाटली गोळा करणाऱ्या लेकीला म्हणत होती, "तुमच्या स्पर्धेत ती फिरती ढाल असते ना, तशी मी. यंदा हिच्याकडे, मग तिच्याकडे. फरक एवढाच की मला कोणी जिंकत नाही, नुसतं न्यावं लागतं." धाकटी हसली. आईच्या बोलण्यावर हसावं असं तिच्या घरात ठरलेलंच होतं. तेवढ्यात फोन.

"अगं, यंदा आईला थोडे दिवस तुझ्याकडेच राहू देतेस का?" ताईने विचारलं होतं. ताई दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, दिवसभर तोंडावर कापड बांधून हळू बोलायची तिला सवय झालेली. "माझ्या खोलीला ऊन येत नाही. मागच्या वेळी तिचा दम फार वाढला."

"ताई, ठरलंय ना आपलं? सहा तुझे, सहा माझे. माझ्या सहात मी कधी काही बोलले का?"

"नाही बोललीस."

"मग?"

ताई म्हणाली, "तुझ्याकडे कशी ठणठणीत असते गं ती. माझ्याकडे आली की खोकायला लागते. मी करते सगळं, पण माझंच काहीतरी चुकत असेल. माझ्याच्याने होत नाही बहुतेक."

"औषधं वेळेवर देत जा," धाकटी म्हणाली होती. "मी देते." आणि पट्टा लागला होता, आणि ती निघाली होती, आणि रस्ताभर तिला आपण फार समंजसपणे बोललो असं वाटत होतं.

आता कोपऱ्यात टेकलेल्या त्या चेंडूकडे बघताना तिला ते वाक्य पुन्हा ऐकू आलं, पण ताईच्या आवाजात नाही, स्वतःच्या. मी देते. आणि त्याबरोबर, कशाचा कशाशी संबंध नसताना, घरातलं जुनं अभ्यासाचं टेबल दिसलं. एकच टेबल, दोघी बहिणी. वडिलांनी पट्टी लावून खडूने मधोमध रेघ मारलेली. वडील सगळ्याचं असंच करायचे, साबणाची वडीसुद्धा दोऱ्याने कापून द्यायचे, आणि म्हणायचे, दोघींना सारखं, म्हणजे घरात भांडण नाही. खरंच भांडण नव्हतं. फक्त दार ताईच्या बाजूला होतं. दार वाजलं की उठायचं ताईनं, कारण धाकटीला उठायचं तर ताईला ओलांडून जावं लागायचं. दूधवाला, शेजारीण, चुकून आलेला कोणीही. ताई उठायची, यायची, पुस्तकात बोट घालून कुठे होतो ते शोधायची, आणि परत दार वाजायचं. निकाल लागला की वडील खंतावून म्हणायचे, टेबल सारखं, दिवा सारखा, मग मोठीचंच असं का होतं कळत नाही. आणि धाकटीलाही खरोखरच कळायचं नाही. ताईला बहुतेक तेव्हापासूनच वाटत असेल की आपल्याच्याने होत नाही.

"बाई, प्रश्न आहे."

मैदानाच्या कडेला फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीचा एक चौकोन आखलेला असतो. कोणाला पंचाला काही विचारायचं असेल तर त्या चौकोनात येऊन उभं राहायचं. एका वेळी एका संघाचं एकच मूल. शिक्षकांनी, आईबापांनी त्यात पाऊल टाकायचं नाही. लांबून हाताची घडी घालून जळावं फार तर. मुलांनी मोबाइलवर काढलेली चित्रं पंचाने बघायची नाहीत, पंचाने डोळ्याने पाहिलं तेवढंच घडलं असं मानायचं. आणि चौकोनात कोणी उभं असेपर्यंत पुढचा सामना लावायचा नाही. या शेवटच्या नियमासाठी ती स्वतः एकेकाळी समितीशी भांडली होती. त्या चौकोनात आता एक मुलगी उभी होती. खिशातून पक्कड डोकावत होती, सदाच डोकावत असावी, कारण तिच्या संघातली पोरं तिला पक्कडच म्हणत. सकाळी त्यांचे दोन्ही सामने लाल बाजूने झाले होते. दोन्ही थोडक्यात गेले होते.

"सुट्टी आहे ना आत्ता? जेवलीस का?"

"सुट्टीत चौकोन बंद असतो का?"

तसं कुठे लिहिलेलं नव्हतं.

"विचार."

"चेंडू आपोआप हलला तर तो कोणाचा?"

पोरीने पाहिलं होतं का? तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. "चेंडू आपोआप हलत नाही," पंचबाई म्हणाली. "कोणाचा तरी धक्का लागलेला असतो."

"आणि नसेल लागला तर?"

"भोंगा वाजताना ज्या अर्ध्यात असेल त्याचा."

"खुलाशात लिहिलंय, मैदान सपाट आहे असे धरावे. कोणी धरावं?"

"सगळ्यांनी."

"चेंडूनं पण?"

मुलगी उद्धटपणे बोलत नव्हती. खरोखर विचारत होती, आणि त्यामुळे ते जास्त लागलं. "आमचा रोबो चाकाचे फेरे मोजून चालतो," ती पुढे म्हणाली. "शाळेत सरळ जातो. इथे आल्यापासून एका बाजूला ओढतो. सर म्हणाले, बाकी सगळ्यांचे चालतात, तुमच्याच प्रोग्रॅममध्ये चूक असणार. मग आम्ही सकाळपासून चूक शोधतोय. जेवलो नाही. बाई, मला सामना परत नकोय. आमचं चुकलं असेल तर चुकलं. फक्त चुकलंय का ते सांगा."

तिला हे अपेक्षित नव्हतं. तक्रार आली असती तर तिला उत्तर सुचलं असतं. तक्रारींची उत्तरं तिच्याकडे तयार असत. तिने त्या मुलीकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की आपण काय सांगतो त्यावर ही मुलगी विश्वास ठेवणार आहे. मैदान सपाट आहे, असं म्हटलं तर ती मान हलवून जाईल आणि संध्याकाळपर्यंत नसलेली चूक शोधत बसेल. पुढेही बहुतेक शोधत बसेल. चेंडू हलताना फक्त आपण पाहिलंय. पंचाने पाहिलं तेवढंच घडतं. आपण पाहिलं नाही असं ठरवलं तर ते घडलंच नाही, आणि कोणीही, कधीही, काहीही विचारू शकणार नाही. इतकं सोपं आहे ते. ती कुंपण ओलांडून आत गेली, कोपऱ्यातला चेंडू उचलला, मध्यावर आणून ठेवला, हात काढून घेतला. दोघी बघत राहिल्या. चेंडू डुलला आणि निघाला.

"तुमचं चुकलेलं नाही," ती म्हणाली. "मैदान उतरतं आहे. जा, आधी जेव."

मुलगी लगेच हलली नाही. चेंडू कुंपणाला टेकेपर्यंत तिने पाहिलं, मग खिशातली पक्कड उगाच चाचपून पाहिली आणि गेली.

मामा चहाचे दोन कागदी पेले घेऊन आला तेव्हा पंचबाई मैदानात उकिडवी बसून चेंडू परत मध्यावर ठेवत होती. तिने त्याला सगळं सांगितलं, पुठ्ठ्यांसकट. मामाने चेंडूचा प्रवास एकदा पाहिला, पेला तोंडाला लावला, पुन्हा पाहिला.

"म्हणजे डोळा शहाणा होता माझा," तो म्हणाला. "मीच येडा."

"मीही."

"ते तुम्ही म्हणा, मी म्हणणार नाही. पण बाई, आता काय करायचं ठरवलंय? तोंडावरून बरं दिसत नाहीये मला काही."

"सकाळचे सगळे सामने बाजू बदलून परत. दोन्ही वेळचे चेंडू मिळून निकाल."

मामाने पेला खाली ठेवला. "संध्याकाळी हॉल रिकामा करून द्यायचाय. पाहुणे बक्षिसं द्यायला येऊन बसतील. सकाळी जिंकलेल्यांचे मास्तर मला सोलून खातील. पुठ्ठे परत घालतो, दुपारपासून सगळं ठीक. सकाळी चिठ्ठ्या टाकूनच बाजू ठरल्या होत्या ना? म्हणजे सगळ्यांना सारखंच झालं की."

सारखंच. तो शब्द तिला मामाच्या तोंडून ऐकताना विचित्र वाटला, दुसऱ्याच्या अंगावर आपली साडी दिसावी तसा. "चिठ्ठी सारखी होती, मामा," ती म्हणाली. "जमीन नव्हती."

"पण माहीत कोणाला होतं?"

"आता मला आहे."

मामाने सुस्कारा टाकला. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस होता, वाद कुठे संपतो ते त्याला कळायचं. "पाहुण्यांना मी सांभाळतो. मास्तरांना तुम्ही. आणि हा चहा गार झालाय, तोही तुम्हीच प्या."

मास्तरांना सांभाळणं तिला वाटलं होतं तितकंच कठीण गेलं. तिने ध्वनिक्षेपक हातात घेऊन, आवाज न चढवता, जे झालं ते सांगितलं: पुठ्ठे होते, ते मी काढायला लावले, मैदान निळ्या बाजूला उतरतं, ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. मग बाजू बदलण्याचं सांगितलं. सगळेच एकदम बोलायला लागले. सकाळी निळ्या बाजूने सहज जिंकलेल्या एका शाळेचे सर रागाने पार चौकोनापर्यंत आले, कडेशी थबकले, खाली पिवळ्या पट्टीकडे पाहिलं आणि पट्टीच्या अलीकडूनच म्हणाले, "आमच्या मुलांनी कष्ट केले नाहीत का?" केले होते. तिने तसं सांगितलंही. उतारावर असणाऱ्याचे कष्ट खोटे नसतात, हे तिला त्या क्षणी जितकं पटत होतं तितकं कधीच पटलं नव्हतं. तिनेही सहा महिने औषधं खरोखर वेळेवर दिली होती. त्यांच्या संघातल्या मुलाने मात्र चौकोनात येऊन एवढंच विचारलं, "बाई, बॅटरी बदलायला वेळ मिळेल ना?" मिळेल, ती म्हणाली.

दुपारभर सामने झाले. ती मैदानाभोवती फिरत होती, भोंगे वाजत होते, चेंडू मोजले जात होते, आणि मधूनच तिचं मन सुटून ताईच्या खोलीत जात होतं. ती किती वेळा गेली असेल त्या खोलीत? पोचवायला आणि आणायला. खोलीचा रंग आठवेना, पण कपाटावर ठेवलेलं दम्याच्या वाफेचं यंत्र आठवलं, पांढरं, नळी गुंडाळून ठेवलेलं. ते कायम ताईकडेच असतं. धाकटीकडे ते कधी आलंच नव्हतं. ताईकडे जागा आहे म्हणून तिथे ठेवलंय, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. ताईकडे तर एकच खोली. आपल्या सहा महिन्यांत त्याची कधी गरजच पडली नाही, म्हणून ते तिथे आहे, ही गोष्ट आज दुपारी, लाल बाजूच्या रोबोने चेंडू कुंपणावर आपटला त्या आवाजाबरोबर तिच्या डोक्यात शिरली, आणि तिला शिट्टी वाजवायला क्षणभर उशीर झाला.

पक्कडच्या संघाचा एक सामना निळ्या बाजूने चांगला गेला. रोबो आता उताराच्या बाजूने होता, चेंडू आपणहून येत होते, मुलं कुंपणाला लागून वाकली होती. दुसऱ्या सामन्यात मध्यावरच रोबोची साखळी उतरली. तो जागच्या जागी घुर्र करत राहिला. भोंगा वाजेपर्यंत कोणी काही करू शकत नव्हतं. सामना चालू असताना रोबोला हात लावता येत नाही. बेरीज केली तेव्हा ते पुढच्या फेरीत जायला थोडक्यात कमी पडले. सकाळपेक्षाही थोडक्यात. पंचबाईने बेरीज परत करून पाहिली आणि ती तशीच आली.

मुलगी चौकोनात येऊन उभी राहिली. तिच्या मागे, लांब, तिचे सर हाताची घडी घालून.

"विचार."

"प्रश्न नाहीये. साखळी मीच बसवली होती. घाईत जास्तीची कडी काढायची राहिली, ढिली होती." तिने हातातली काळी तेलकट साखळी वर धरून दाखवली, आणि तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं, काहीतरी सापडल्याचा भाव होता. "हे आमचं चुकलं. एवढंच सांगायचं होतं." मग तिने चौकोनाबाहेर पाऊल टाकलं, आणि नियमाप्रमाणे पुढचा सामना लावायला हरकत उरली नाही.

बक्षिसं उशिरा झाली. पाहुण्यांना मामाने कुठल्यातरी रोबोकडून पेढ्याचा खोका हातात द्यायला लावून खूश ठेवलं होतं. मुलं कुंपणाच्या फळ्या उचलून नेत होती, चटईचे तुकडे सुटे होत होते, आणि त्यांच्याखालून खरी फरशी दिसायला लागली, राखाडी, ओल्यासारखी चकचकीत, दारातल्या जाळीकडे इतकी उघड उतरणारी की हे कोणाला कसं दिसलं नाही याचं नवल वाटावं. ती एका पालथ्या खोक्यावर बसली आणि फोन लावला.

"काय गं?" ताई म्हणाली. "उद्याची वेळ सांगायला केलास ना? मी दवाखान्यातून अर्धा दिवस सुट्टी घेतलीय. गादीही वाळवून ठेवलीय."

"ताई, ते वाफेचं यंत्र आहे ना आईचं. त्याची वायर लांब आहे का?"

"का?"

"आमच्या खोलीत प्लग पलंगापासून लांब आहे. पोचेल का, बघत होते."

दवाखाना बंद करायची वेळ असावी, पलीकडे कुठेतरी नळ चालू होता, तो बंद झाला.

"उद्या आई नाही येत तुझ्याकडे," धाकटी म्हणाली. "थंडी माझ्याकडे. उन्हाळ्यात ने तू. उद्या मीच येते यंत्र घ्यायला."

"आज काय झालं तुला?"

"काही नाही. बाजू बदलायची राहिली होती."

ताईला ते कळलं नसावं, किंवा कळलं असावं. धाकटीने घाई केली नाही. समोर चौकोनाची पिवळी पट्टी एक मुलगा नखाने खरवडून काढत होता, आणि ती पूर्ण निघेपर्यंत ती बघत राहिली.

"नाही पोचायची वायर," शेवटी ताई म्हणाली. "जोडवायर लागेल. आणि रात्री उठून लावावं लागतं ते. तिला झोपेत दम लागतो, ती हाक मारत नाही. आपण जागं राहूनच ऐकावं लागतं." आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण आता ती थांबत नव्हती. "बसतेस का कागद-पेन घेऊन? सगळं सांगते. नीट ऐक."